रुबिनेमचा अडकित्ता

रुबिनेमला जाऊन नऊशे ऐंशी दिवस झाले, त्या दिवशी योग्या शहराहून दोघं जण गुहा मोजायला आले. तिच्या नवऱ्याला, तुमिरानला, दिवस पक्के ठाऊक होते. दाराच्या चौकटीमागे तो रोज सकाळी कोळशाची एक रेघ ओढायचा. हजाराव्या दिवशी जेवण घालायचं, थडग्यावर दगड बसवायचा, मग मेलेलं माणूस घर सोडतं. तोवर ते घरातच वावरत असतं, असं गुनुंग किदुलच्या डोंगरात सगळेच मानतात. म्हणून तुमिराननं तिचा अडकित्ता कमरेला गाठीत बांधून ठेवला होता. तिला पान खायची हुक्की आली तर बिचारीला शोधत बसायला नको. शेतावर, नमाजाला, झोपेत, अडकित्ता अंगावरच.

वाडीतले लोक त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणायचे आणि चेष्टाही करायचे. "काय कांग तुमिरान, आज किती सुपाऱ्या कातरल्यात?"

तो हसायचा नाही आणि रागवायचाही नाही. त्याला दात नव्हते, सुपारी तो खातच नव्हता.

त्या वाडीत पाणी नाही. चुनखडीचा डोंगर, पडलेला पाऊस जमीन गिळून टाकते. तळं दोन महिन्यांत आटतं, तळाचा चिखल भेगाळतो आणि मग बायका गुहेत उतरतात. जंगलात एक मोठा खड्डा आहे, खड्ड्याच्या तळाशी गुहेचं तोंड. आत दगडात खोदलेल्या सत्तेचाळीस पायऱ्या, आणि खाली काळा डोह. आतल्या अंगानं झरा वाहत येतो, डोहात पडतो आणि पुढे खडकाखाली बुडतो. बारा महिने चालणारं पाणी तेवढंच.

त्यातल्या चौतिसाव्या पायरीवर रुबिनेम घसरली होती. कमरेला फडक्यानं बांधलेलं भरलं मडकं होतं. खुबा मोडला. पाच महिने अंथरुणावर काढून ती गेली. घसरली त्याच सकाळी ती म्हणाली होती, "अहो, ती चौतिसावी पार गुळगुळीत झालीय. पाट्याला लावतात तशी टाकी लावून द्या ना जरा."

तुमिरान म्हणाला होता, "उद्या लावतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं लावलीही. छिन्नीचे ते घाव अजून पायरीवर आहेत. आता तिच्यावरून कुणी घसरत नाही. पण बाकीच्या सेहेचाळीस आहेतच, आणि रुबिनेमची धाकटी बहीण पोनीराह रोज दोन खेपा करते. तिलाही आता साठ जवळ आली.

त्या हंगामात जिल्ह्याचं बोअर मारायचं यंत्र वाडीत येणार होतं. एकदाच आणि एकच बोअर. लागलं तर लागलं, नाही तर यंत्र पुढच्या डोंगरात. खाली झरा नेमका कुठून वाहतो ते वर जमिनीवर दाखवायला हवं होतं, आणि त्यासाठी आधी गुहेचा नकाशा. वाटाड्या कोण होणार, असं मुखिया कार्तोमोनं बैठकीत विचारलं तेव्हा तुमिरानचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. तो बैठकीत कधी तोंड उघडत नसे. लोक बघतच राहिले.

मोजायला आलेली मुलगी तुंजुंग, आणि तिच्याबरोबर युदांतो नावाचा उंच, अबोल मुलगा. दोघंही पंचविशीच्या आतबाहेर. तुंजुंगनं गुहेच्या तोंडाशी पिशवी उघडली, तुमिरानच्या डोक्यावर दिवा लावलेली टणक टोपी बसवली आणि पट्टा हनुवटीखाली आवळला. ती त्याला म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणायची.

"म्बाह, एक महत्त्वाचं. हे होकायंत्र. लोखंड जवळ आलं की याची सुई भलतीकडे वळते. तेव्हा कोयता, चाकू, असेल ते बाहेर ठेवा."

पोनीराह मडकं घेऊन तिथंच उभी होती. "अगं बाई! बिनलोखंडाचं आत जायचं? लोखंड जवळ असलं म्हणजे भुतंखेतं, आतले सगळे, लांब राहतात. त्यांनी धरलं म्हणजे?"

"धरलं तर मला हाक मारा, मावशी. मी त्यांचीही मापं घेते."

पोनीराह हसली, पण तिनं आपल्या अंबाड्यातली लोखंडी पिन चाचपून पाहिली. तुमिराननं कोयता दगडावर ठेवला. बकलाचा पट्टा काढला.

"आणखी काही?"

"नाही," तो म्हणाला, आणि टोपी सारखी केली.

अडकित्ता लोखंडाचा असतो हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण हा अडकित्ता त्याच्या लेखी लोखंड नव्हता. तो रुबिनेमचा होता.

पहिला दिवस सोपा गेला. युदांतो फितीचं टोक आणि दिवा घेऊन पुढे जायचा, भिंतीवर लाल ठिपका द्यायचा. नखांना लावायचा रंग, छोट्या बाटलीतला. तुंजुंग मागच्या ठिपक्यावरून त्या दिव्याकडे होकायंत्र धरायची, दिशा वाचायची, चढउतार वाचायची, लांबी विचारायची आणि वहीत लिहायची. मग थांबून चित्र काढायची. कुठं भिंत आत गेली, कुठं छत खाली आलं, पाणी गुडघ्याला की मांडीला. छतातून आलेली वडाची मुळं तिनं काढली. वटवाघळं मोजली. दगडाखालचा पांढरा खेकडा पाहून ती पोटावर आडवी झाली आणि बराच वेळ उठली नाही.

"हा नेहमी असतो का इथं?"

"बायकांना विचारायला हवं. त्या म्हणतात, फेसासारखा एक असतो, मडक्यात आला तर परत सोडायचा."

तिनं तेही लिहिलं. तुमिरान बघत राहिला. आईच्या, आजीच्या काळापासून बायका इथं उतरत आल्या होत्या, पण खाली काय आहे असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यानंही नाही.

"या गुहेचं नाव काय, म्बाह? नकाशावर घालायला."

"नाव कशाला असेल? खाली म्हणतात. 'खाली जाऊन येते.' झालं."

"बरं, 'खाली' लिहिते."

दुसऱ्या दिवशी एकोणिसाव्या ठिपक्यापुढं पाणी खोल झालं. छातीपर्यंत, आणि दोन्ही बाजूंनी भिंती साबणासारख्या. हात टेकायला जागा नाही. तुमिराननं पाण्यात शिरण्याआधी दोघांकडे पाठ केली, कमरेची गाठ सोडली, अडकित्ता फडक्यात गुंडाळला आणि टोपीच्या आत, डोक्यावर ठेवला. पाणी लागलं तर गंजेल. ती असताना त्याला कधी गंज चढू दिला नव्हता तिनं. राखेनं घासायची.

तुंजुंगचा हात पाण्यात थरथरत होता. "म्बाह, जरा माझ्यापुढे उभे राहा. तुमच्या खांद्यावर होकायंत्र टेकवते. असं. आता हलू नका. श्वास घ्यायचा तोसुद्धा मला विचारून."

"पन्नास वर्षं ओझी वाहिलीत या खांद्यानं. होकायंत्र म्हणजे काय!"

अशी अकरा मापं झाली. अकराही वेळा तो खांबासारखा उभा राहिला, होकायंत्र त्याच्या कानाशी. मग छत उंच झालं आणि पाण्याचा मोठा डोह लागला. चार मीटर रुंद आणि दोन पुरुष खोल. युदांतो पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला, "हाच. पंप बसवायचा तर इथंच." डोहाच्या बरंच पलीकडे छताला एक अरुंद भोक होतं, सागाच्या रानात उघडणारं. त्यातून काठीएवढा उजेड खाली आला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीवरून मोजलं, गुहेच्या तोंडापासून रानातल्या त्या भोकापर्यंत. दुपारी तुंजुंग तुमिरानच्या ओसरीवर चौकटींचा कागद पसरून बसली आणि पट्टी, कोनमापक घेऊन एकेक रेघ जोडू लागली. पोनीराहनं चहा आणि तळलेले टोळ आणून ठेवले. चहा निवला. टोळांना कुणी हात लावला नाही.

"काय झालं?" तुमिराननं विचारलं.

"जमत नाहीये, म्बाह. वरून गेलं काय किंवा खालून गेलं काय, भोक एकच आहे ना? मग दोन्ही रेघा एकाच जागी पोचायला हव्यात. वरची इथं पोचते आणि खालची इथं." तिनं बोट ठेवलं. "एकतीस मीटरचा फरक."

"यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र ठीक आहे. वर बरोबर दाखवत होतं. माझंच चुकलंय कुठं तरी. थंडीनं हात कापत होते, चुकीचं वाचलं असेल." तिनं डोळे मनगटानं पुसले. "अकरा वेळा कसं चुकीचं वाचेन मी?"

तेवढ्यात कार्तोमो आला. मुखिया झाल्यापासून तो नेहमी घाईत असायचा. "सोमवारी यंत्र येतंय. खुंटी कुठं ठोकायची तेवढं सांग, पोरी."

तिनं अडचण सांगितली. त्यानं कागद उलटसुलट फिरवून पाहिला. "ही खालची रेघ कुठं जाते? प्रार्थनाघराजवळून ना? मग उत्तम! रस्ता लागून आहे, गाडी सरळ येईल, सगळ्यांना सोयीचं. ठोका तिथंच. एकतीस मीटर इकडं नाहीतर तिकडं. पाणी काय पळून जातंय?"

"खाली डोह चार मीटरचा आहे, काका. बाजूला कोरडा खडक आहे."

"मग पुन्हा मोजा."

"मोजू, पण पुन्हा तसंच आलं तर? चूक कुठली तेच कळत नाहीये." तिनं पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही तर मी लिहून देते की माझ्याच्यानं नकाशा झाला नाही."

तुमिराननं काही तरी करायचं म्हणून सुपारीचा डबा पुढं ओढला. गाठ सोडली, अडकित्ता काढला. रुबिनेम गेल्यापासून चार माणसं बसली की तो सुपारी कातरायचा, खाणारं कुणी नसलं तरी. होकायंत्र कागदावर, त्याच्या गुडघ्याशी पडलं होतं. त्याचं लक्ष सहज गेलं. सुई हलली. एखादं जनावर हाकेला मान वळवतं तशी वळली आणि त्याच्या हाताकडे तोंड करून राहिली.

त्यानं हात मागं घेतला. सुई परत गेली.

कुणी पाहिलं नव्हतं. तुंजुंग वही चाळत होती, कार्तोमो तिला काही सांगत होता, युदांतो बाहेर दोर वाळत घालत होता. तुमिराननं अडकित्ता मांडीखाली सरकवला.  अजून अठरा दिवस, तो स्वतःशी म्हणाला. अठराच दिवस अंगावर ठेवायचा आहे. आणि जवळ लोखंड नाही, असं मी म्हणालो होतो. सगळ्यांच्या देखत, पोनीराहच्या देखत.

पोनीराह अंगणातून रिकामं मडकं घेऊन निघाली. "दुसरी खेप उरकून येते," ती म्हणाली. "खाली जाऊन येते."

तुमिराननं अडकित्ता बाहेर काढला. बोलायचं त्याला कधीच जमलं नव्हतं, आत्ताही जमलं नाही. त्यानं तो फक्त होकायंत्राशेजारी ठेवला.

तुंजुंग काही तरी म्हणायला वळली आणि तिनं सुई पाहिली. अडकित्ता पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"म्बाह, हा कुठं होता?"

"टोपीत."

"कुठल्या टोपीत?"

"तूच दिलेल्या."

 मग तिच्या तोंडून हसू की रडू असं काही तरी फुटलं. "म्हणजे मी त्या अकराही वेळी यंत्र तुमच्या कानाशी धरलं, आणि हा वर बसलेला!"

कार्तोमोला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो उभाच राहिला. "कांग, अरे तू माणूस आहेस का कोण? बायकोच्या अडकित्त्यापायी अख्खी वाडी कोरडी ठेवायला निघालास? उद्या प्रार्थनाघरापाशी भोक पाडून धूळ निघाली असती, मग?"

तुमिरान खाली बघून ऐकत होता. त्याला ते बरं वाटत होतं. अडीच वर्षांत त्याला कुणी रागावलं नव्हतं. सगळे नुसती चेष्टा करत होते, नाहीतर कीव.

"ओरडू नका," पोनीराह म्हणाली. आरडाओरडा ऐकून ती रिकामं मडकं घेऊन तशीच अंगणात परत आली होती. "कांग, तिच्यासाठीच जपताय ना तो? ताईनं शेवटचे चार महिने पानाला हात लावला नव्हता. तुम्ही रोज सुपारी कातरून उशाशी ठेवायचात, ती रोज सुकून जायची. मीच तर टाकायची. तिला नको होतं हो पान. तिला नुसतं तुम्ही बसलेले हवे होते."

तुमिरानला हे माहीत नव्हतं. सुपारी संपते म्हणजे ती खाते, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा उतरले. चौतिसाव्या पायरीवर तुमिरान थांबला, गाठ सोडली, अडकित्ता फडक्यासकट पायरीच्या कडेला ठेवला. "मी येईतो सांभाळ," असं तो म्हणाला. तुंजुंगनं ऐकलं नाही असं दाखवलं. मग तिनं त्याच्यासमोर आपलेही खिसे उलटे केले, युदांतोलाही करायला लावले, आणि आपलीही टोपी काढून आत पाहिली.

पाण्यात तुमिरानचा हात सारखा कमरेकडे जायचा, दात पडल्यावर जीभ जाते तसा. तिथं काही नसायचं. तो पुन्हा खांब होऊन उभा राहायचा. आतले कुणी त्याला धरायला आले नाहीत. तुंजुंग एकेक आकडा मोठ्यानं म्हणायची, युदांतो अंधारातून तो परत म्हणायचा, आणि तो आकडा पाण्यावरून लांब जात विरायचा.

या वेळी दोन्ही रेघा मिळाल्या. फरक राहिला तो एका पावलाचा.

खुंटी पडली ती कार्तोमोच्याच सागाच्या रोपांत, दगडाळ टेकाडावर, जिथं बैलसुद्धा नीट चढत नाही. त्यानं दिवसभर तोंड पाडलं. पण रविवारी सगळ्यात आधी पहार घेऊन तोच आला. सगळ्या वाडीनं हात लावला, बांधाचे दगड फोडून यंत्राला वाट केली. "माझी सत्तावीस रोपं गेली," तो तुमिरानला म्हणाला. "पाणी नाही लागलं तर तुला पुरेन तिथं."

"पुर," तुमिरान म्हणाला.

बोअरला तीन दिवस लागले. साठ-सत्तर मीटर खाली जायचं होतं. भोक डोहात उतरलं की दगडाचा चुरा पाण्यात पडणार आणि झरा पांढरा होणार, असं तुंजुंगनं सांगितलं होतं. कुणी तरी खाली बसून पाणी पाहत राहायला हवं. "आत जायचं नाही, म्बाह. पायऱ्यांवरच बसा. वरून दगड सुटेल."

तीन दिवस तुमिरान चौतिसाव्या पायरीवर बसला. बायका येत, त्याला ओलांडून जात, भरून वर जात. खडकातून दूरवर धबधब असा आवाज यायचा, मध्येच थांबायचा. तो थांबला की तुमिरान खडकाला कान लावायचा. पुन्हा सुरू झाला की तो पाण्यावर दिवा धरायचा. पाणी काळं आणि स्वच्छ. तळाचे खडे दिसत होते.

दुसऱ्या संध्याकाळी अडुसष्ट मीटर झाले आणि नुसती धूळ. टेकाडावर लोक कुजबुजायला लागले. पोनीराहनं खाली येऊन सांगितलं, "उद्या दुपारपर्यंत बघणार म्हणे. मग गाशा गुंडाळणार."

"नकाशात चूक नाही," तुमिरान म्हणाला.

"मी कुठं म्हणते आहे?"

ती भरलं मडकं कमरेवर घेऊन चढायला लागली. त्यानं तिची पावलं मोजली, सत्तेचाळीस होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी तो बसला तेव्हा त्याच्याजवळ पानाचा डबा होता. वेळ जात नव्हता. त्यानं सुपारी कातरली, बारीक, तिला लागायची तशी. पानाला चुना लावला, कात घातला, विडा बांधला आणि शेजारी, छिन्नीच्या घावांवर ठेवला. तिला नकोच असेल तर नको. तो ठेवून बसून राहिला. पोनीराह गुहेच्या तोंडाशी उभी होती, खालची बातमी वर पोचवायला.

आवाज थांबला.

बराच वेळ काही नाही. छतावरून थेंब पडत होते. मग आतून, झऱ्याच्या अंगानं, पाण्यात काही तरी धूसर आलं. आधी वाटलं दिव्याचा भास. मग ते डोहात पसरलं. तांदूळ धुतलेलं पाणी असतं तसं. खडे दिसेनासे झाले, मग सगळ्यात खालची पायरी दिसेनाशी झाली. पांढरं पाणी पायरीला लागून हळूहळू फिरत राहिलं.

वरून पोनीराहनं हाक मारली, "कांग! यंत्र थांबलंय! काही दिसतंय का?"

 तुमिराननं विड्याकडे पाहिलं.

"आज भरू नकोस, रुबिनेम," तो म्हणाला. "पाणी गढूळ आहे."

तिला सांगून झाल्यावर मग त्यानं मान वर केली आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं ओरडला.